चार बोटं मागे

आधी मी हाताला दोष दिला.
कोपर बरगडीत रुतवलं,
श्वास अर्धा सोडून थांबले,
बटण दाबलं नाही, पिळलं,
लिंबाची बी पडू नये म्हणून पिळतात
तसं, हलकेच.
तरी बाबा धूसर.

मग उजेडाला.
कॉर्मेतला नोव्हेंबरचा उजेड म्हणजे
मासे धुतलेलं पाणी.
आयएसओ सोळाशे केला, शटर सेकंदाचा पाचशेवा भाग,
मधला एकच बिंदू
नेमका त्यांच्या डाव्या डोळ्यावर.
बीप वाजला.
कॅमेऱ्याने शपथेवर सांगितलं, हाच तो डोळा.

रात्री पडद्यावर मोठं करून पाहिलं:
बाबांची पापणी साबणाच्या पाण्यातली,
आणि त्यांच्या खांद्यामागे, खिळ्याला,
ब्राइसचा काळा रबरी पोशाख
इतका लख्ख
की गुडघ्यावरचं ठिगळ दिसावं,
ठिगळाच्या कडेचा वाळका गोंद दिसावा,
चेनच्या दातात अडकलेला
मिठाचा एक खडा.

तीन हिवाळे झाले.
गेल्या ईस्टरला बाबांनी भिंत रंगवली,
पोशाखाभोवतीने.

कोरुन्यातल्या दुकानात सेन्यॉर ओउतेइराल
पट्टी तिरकी ठेवून तिचे फोटो काढत बसले.
पुन्हा. पुन्हा.
मग चष्मा कपाळावर चढवून म्हणाले,
"खोटं नाही बोलत हो हा.
त्याला मनापासून वाटतं, आपण समोरच बघतोय.
बघतो मात्र चार बोटं मागे."
आमच्या घरी सगळ्यांचंच तसं आहे,
हे मी बोलले नाही.
त्यांनी मेनूत खोल कुठेतरी जाऊन
उणे आठ केलं.
"एवढ्या एका लेन्सपुरतं. दुसरी लावलीत तर
पुन्हा मोजावं लागेल."
अठरा युरो. पावती दिली.

दुसऱ्या दिवशी बाबा त्याच जागी,
खडकावरचे पेर्सेबेस खरवडायच्या पात्याला
नवी दोरी गुंडाळत.
आणि आला! डोळा आला!
पापणीचा केस न् केस, पांढरा वेगळा, काळा वेगळा,
बाहुलीत उघडं दार,
दारात इवलीशी मी, कोपरं बाहेर काढलेली.
मागचा पोशाख विरघळून
भिंतीला ओल आल्यासारखा.

दाखवला त्यांना.
अंगठा विजारीला पुसून त्यांनी कॅमेरा घेतला.
बाण दाबत दाबत
डोळ्यावरून गेले, कानावरून गेले,
त्या ओलीपाशी थांबले.
"हे हललंय."
नाही बाबा, छिद्र मोठं ठेवलं की मागचं तसंच...
"हललंय म्हणतो ना. पुन्हा काढ."

ट्रायपॉड आणला.
एक पाय फरशीच्या फटीत डगमगत होता,
त्याखाली पाटीच्या दगडाची चीप सारली.
दारातून वारा, म्हणून मधल्या दांडीला
बटाट्याची पिशवी टांगली.
लेन्सचं कंपन-रोधक बंद केलं,
ट्रायपॉडवर ते उगाच चाचपडतं.
छिद्र अकरावर आवळलं,
म्हणजे डोळाही यावा, चेनही.
एवढ्या उजेडात त्याची किंमत अर्धा सेकंद.

"अर्धा सेकंद हलू नका."
"अर्धा सेकंद म्हणजे किती?"
विचार केला. म्हटलं,
लाट खडकावर फुटते
आणि मागे वळायच्या आधी जराशी थांबते,
तेवढं.

ते माप त्यांना ठाऊक होतं.
पातं खाली ठेवलं.
दोन्ही हात गुडघ्यांवर.
मोठी लाट येताना दिसली की घेतात
तसा छातीभर श्वास घेतला,
आणि माझ्याकडे नाही,
काचेत पाहिलं.

खट्. आरसा वर.
आता मला काहीच दिसत नाही.
एक.
दोन.
शटर उघडलं, मिटलं.

फोटो अजून बघितलेला नाही मी.
बाबा तसेच बसलेत,
छाती भरलेली, मान ताठ,
ओठ घट्ट.

झालं, म्हटलं.
झालं बाबा. सोडा.